पावतीवरचे परके नाव

आमची कंपनी दूध संकलन केंद्रांवर बसणारी एक पेटी तयार करते. वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र तिला तारेने जोडलेले असते. दूध उत्पादकाचा कोड टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर यांचा हिशेब होऊन वीतभर लांबीची पावती थर्मल प्रिंटरमधून बाहेर येते. पेटीच्या आत ३२ बिटांचा एआरएम प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स आहे, आणि उत्पादकांची यादी व रोजच्या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. त्या पेटीतील डेटाबेसशी बोलणारा कोड बहुतांशी माझ्या हातचा आहे, हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात दोष कोणाचा हा प्रश्न उरू नये.

तक्रार अशी होती की पावतीवर कधी कधी नाव चुकते. एका केंद्राने सांगितले की नावाच्या जागी चौकोन येतात, दुसऱ्याने सांगितले की नाव कोरेच येते, आणि तिसऱ्या केंद्रावर मात्र एका उत्पादकाच्या पावतीवर दुसऱ्याच उत्पादकाचे नाव छापले गेले होते. पहिल्या दोन तक्रारींना आम्ही किरकोळ समजलो. तिसरीला तसे समजणे शक्य नव्हते, कारण दहा दिवसांचे बिल काढताना उत्पादक याच पावत्या घेऊन केंद्राच्या सचिवांसमोर उभा राहतो आणि त्याच्या हातातील कागदावर शेजाऱ्याचे नाव असेल, तर वाद दुधावरून न होता आमच्या पेटीच्या विश्वासार्हतेवरून होतो.

आम्ही आधी फॉन्टच्या मागे लागलो आणि त्यात दोन आठवडे घालवले. देवनागरी अक्षरे चौकोन होऊन दिसली की मराठी माणसाचे पहिले बोट फॉन्टकडेच जाते, इतका आपल्याला त्या त्रासाचा सराव झालेला आहे. फॉन्ट बदलला, अक्षरजुळणी करणारी लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेली, नावे आयात करताना यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) नीट राहते का हे तपासले, आणि तक्रारी तशाच येत राहिल्या. परके नाव फॉन्टमुळे कसे छापले जाईल, हा प्रश्न त्या दोन आठवड्यांत आमच्यापैकी एकानेही मोठ्याने विचारला नाही.

त्यानंतर एका केंद्रावरून डेटाबेसची फाइल मागवून घेतली आणि तिच्यावर इंटिग्रिटी चेकचा प्रॅग्मा (एसक्यूलाइटची खास आज्ञा) चालवला. उत्तर 'ओके' असे आले. त्या फाइलमधील प्रत्येक नाव अक्षरशः बरोबर होते, म्हणजे डेटा साठवताना बिघडत नव्हता, तर वाचल्यापासून छापेपर्यंतच्या प्रवासात कुठेतरी बिघडत होता. आमच्या वरिष्ठांनी एसक्यूलाइटवरच संशय घेतला. डॉ. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेली ही लायब्ररी जगभरच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालते आणि तिच्या चाचण्या कोडच्या प्रत्येक फाट्यावरून जातात, तेव्हा दोष तिथे असण्यापेक्षा आमच्याकडे असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, असे मी म्हणालो खरा, पण म्हणण्याने काही सिद्ध होत नव्हते. म्हणून लायब्ररीचा डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठी कम्पाइल केलेली प्रत, करून पाहायचे ठरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. एसक्यूलाइट हा वेगळा चालणारा सर्व्हर नसून आपल्या प्रोग्रामच्या पोटात बसणारी लायब्ररी आहे. तिचे शंभराहून अधिक सी फाइल्समधले सगळे काम एका मोठ्या फाइलमध्ये एकत्र करून दिले जाते आणि ती अडीच लाखांच्या आसपास ओळींची फाइल आपण आपल्या कोडसोबत कम्पाइल करतो. त्यामुळे तिचे वर्तन कसे असावे, यातला बराचसा भाग कम्पाइल करताना दिलेल्या मॅक्रोंवर (चालू-बंद करायच्या खुणांवर) ठरतो, आणि चुका शोधायला मदत करणारे मॅक्रो त्यात भरपूर आहेत. मला त्यातली दोन-तीन नावे ऐकून माहीत होती. ती एकमेकांपेक्षा किती वेगवेगळी कामे करतात, हे मात्र या प्रकरणातच शिकायला मिळाले.

पहिला पर्याय अर्थातच 'एसक्यूलाइट_डीबग' हा होता. माझा समज असा होता की कम्पाइलरला चिन्हमाहिती ठेवायला सांगितली, ऑप्टिमायझेशन बंद केले, की डीबग बिल्ड झाला. तो समज चुकीचा निघाला. तेवढ्याने डीबगरमध्ये ओळी आणि व्हेरिएबल दिसतात, पण लायब्ररीच्या आतल्या हजारो असर्ट तपासण्या झोपलेल्याच राहतात, कारण हा मॅक्रो दिलेला नसेल तर एसक्यूलाइट स्वतःहून 'एनडीबग' जाहीर करून त्या सगळ्या काढून टाकते. उलट आमच्या जुन्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये 'एनडीबग' कायमचा लिहिलेला होता आणि तो काढायचे मी विसरलो होतो, तरी डीबगचा मॅक्रो दिसताच लायब्ररीने तो आपला आपण रद्द केला. लिहिणाऱ्यांनी माझ्यासारख्याचा विचार करून ठेवलेला पाहून बरे वाटले.

नवा बिल्ड पेटीवर चढवला, प्रोग्राम सुरू केला, आणि काहीच फरक दिसला नाही. वेगसुद्धा पूर्वीइतकाच होता. तपासण्या चालू असताना एसक्यूलाइट साधारण तिप्पट संथ होते, असे वाचलेले असल्यामुळे हा वेगच मला खटकला. मग प्रोग्राममधूनच कम्पाइल ऑप्शन्सचा प्रॅग्मा चालवून जी यादी आली ती लॉगमध्ये लिहून घेतली, तर तिच्यात 'डीबग' हा शब्दच नव्हता. शोध घेतल्यावर कळले की लिंकर माझी ताजी लायब्ररी बाजूला ठेवून पेटीच्या लिनक्ससोबत आलेली तयार एसक्यूलाइट जोडत होता. अर्धा दिवस मी ज्या डीबग बिल्डवर चाचण्या घेत होतो तो प्रोग्राममध्ये नव्हताच. तेव्हापासून आमचा प्रोग्राम सुरू होतानाच सोर्स आयडी (लायब्ररीच्या नेमक्या आवृत्तीची ओळख) आणि कम्पाइल ऑप्शन्स लॉगच्या पहिल्या काही ओळींत उतरवतो, आणि कोणी 'डीबग बिल्डवर पाहिले, तिथेही येत नाही' असे सांगितले की मी आधी त्या ओळी मागतो.

खरा डीबग बिल्ड चढल्यावर मात्र पेटीची चाल बैलगाडीसारखी झाली. सुरू होताना महिन्याच्या बेरजा काढणारी एक क्वेरी चालते, तिला इतका वेळ लागू लागला की वॉचडॉगने प्रोग्राम अडकला असे समजून पेटी दोनदा रीस्टार्ट केली. वॉचडॉगची मुदत वाढवून ते निभावले. त्यानंतर दिवसभर मी कार्यालयात बसून एकामागून एक कोड टाकत शेकडो पावत्या काढल्या. एकही असर्ट फुटला नाही आणि एकही नाव चुकले नाही.

डीबगच्या मॅक्रोमुळे आणखी काही प्रॅग्मा जिवंत होतात, त्यातला व्हीडीबीई ट्रेस मी चालू करून पाहिला. एसक्यूलाइट प्रत्येक एसक्यूएल वाक्याचे आपल्या आभासी यंत्राच्या छोट्या छोट्या आज्ञांमध्ये रूपांतर करते आणि हा ट्रेस प्रत्येक आज्ञा व तिने भरलेले रजिस्टर स्टँडर्ड आउटपुटवर छापतो. आमच्या पेटीचे स्टँडर्ड आउटपुट सीरियल कन्सोलला जोडलेले असल्यामुळे एका पावतीला मिनिटभर लागू लागला, पण त्यातून एक उपयोगाची गोष्ट कळली. कोडवरून नाव शोधणाऱ्या वाक्यात 'कॉलम' ही आज्ञा रजिस्टरमध्ये दर वेळी योग्य तेच नाव ठेवत होती. वरिष्ठांच्या शंकेला त्या ट्रेसने परस्पर उत्तर दिले.

मग धाग्यांवर (थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामे) संशय आला. संकलनाचा एक धागा, छपाईचा एक आणि डेटा वर पाठवणारा एक, असे आमच्या प्रोग्रामचे तीन धागे आहेत, आणि लायब्ररी 'थ्रेडसेफ' २ या पातळीवर कम्पाइल केलेली होती. या पातळीवर एकच कनेक्शन दोन धाग्यांनी एकाच वेळी वापरायचे नाही, ही जबाबदारी वापरणाऱ्यावर असते. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा 'एसक्यूलाइट_एनेबल_मल्टिथ्रेडेड_चेक्स' हा पर्याय आहे. तो दिला की नियम मोडताच एरर लॉगमध्ये नोंद पडते. मात्र लॉग ऐकणारा कॉलबॅक आपण आधी नोंदवलेला असला पाहिजे, आणि तोही लायब्ररी सुरू होण्याच्या आधी. तो नोंदवला आणि वाट पाहिली, पण नोंद पडली नाही. आज मागे वळून पाहता ते साहजिक होते, कारण हा पर्याय लायब्ररीच्या फंक्शनांना हाक मारताना तपासतो, लायब्ररीने दिलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) खिशात घालून बसलेल्या धाग्याकडे तो पाहत नाही.

त्याच दिवशी 'एसक्यूलाइट_एनेबल_एपीआय_आर्मर' हाही पर्याय चालू केला. नल पॉइंटर किंवा बंद झालेली हँडल कोणी फंक्शनला दिली, तर कोसळण्याऐवजी 'मिसयूज' असा कोड परत देणे आणि लॉगमध्ये लिहिणे हे त्याचे काम. पेटी सुरू होताच त्याने दोन ओळी लिहिल्या. कनेक्शनच्या जागी नल आला आहे, ही पहिली. दुसरीत गैरवापर पकडला गेला ती लायब्ररीच्या फाइलमधली ओळ आणि आवृत्तीच्या हॅशची पहिली दहा अक्षरे होती. डेटा पाठवणारा धागा कधी कधी डेटाबेस उघडण्याच्या आधीच जागा होऊन शेवटच्या नोंदीचा क्रमांक विचारत होता. नावांच्या तक्रारीशी याचा काही संबंध नव्हता, परंतु 'पेटी सकाळी चालू करताना कधी कधी दोनदा चालू होते' ही वर्षभर उत्तराविना पडलेली तक्रार त्या दोन ओळींनी मिटवली. शोधायला गेलो एक आणि सापडले दुसरे, असा प्रकार झाला, तरी तो पर्याय मी त्या दिवसापासून कायमचा चालू ठेवला आहे.

माझी सर्वाधिक भिस्त 'एसक्यूलाइट_मेमडीबग'वर होती. हा पर्याय दिला की लायब्ररी मेमरी मागण्यासाठी स्वतःचा तपासनीस वापरते. तो मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना राखणदार आकडे ठेवतो, तुकडा परत करताना ते शाबूत आहेत का हे पाहतो, आणि परत केलेल्या तुकड्यात मुद्दाम कचरा भरतो, म्हणजे मेलेल्या मेमरीतून कोणी वाचत असेल तर ते लगेच उघडे पडावे. मेमरीचा घोटाळा असेल तर तो इथे सापडेलच, अशी माझी खात्री होती, आणि नेमका हाच पर्याय पूर्ण गप्प राहिला. तो का गप्प राहिला हे कळायला मला केंद्रावर जावे लागले.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका केंद्राचे सचिव वयाने मोठे आणि स्वभावाने शांत होते. त्यांच्या परवानगीने डीबग बिल्ड घातलेली पेटी मी तिथे बसवली आणि त्यांची नेहमीची पेटी शेजारी तयार ठेवली, कारण असर्ट फुटला तर प्रोग्राम जागीच थांबतो आणि पहाटे साडेपाचला कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांना आमच्या प्रयोगाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. छपाईच्या आधी नावाच्या जागेतले ९६ बाइट हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) लॉगला लिहिणारी एक ओळ मी कोडमध्ये वाढवली होती. रांग अर्ध्यावर आली असताना प्रिंटरचा कागद संपला. सचिवांचा मुलगा नवा रोल आणायला आत गेला, पण सचिव थांबले नाहीत. त्यांनी पुढच्या दोघांचे दूध मापून घेतले, कोड टाकले, आणि रोल बसल्यावर साठलेल्या तीन पावत्या एकापाठोपाठ बाहेर आल्या. तिन्हींवर तिसऱ्या माणसाचे नाव होते.

"साहेब, रोल संपला की हमखास असं हुतंय बघा," सचिव म्हणाले.

"मग काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नावाचं इचारलं. रोलचं कुठं इचारलंसा?"

त्यांचे खरे होते. आमच्या कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये कागद नेहमी भरलेला असे, म्हणून तिथे शेकडो पावत्यांत दोष एकदाही दिसला नव्हता. उरलेल्या रांगेत मी सचिवांना विनंती करून आणखी दोनदा प्रिंटरचे झाकण उघडायला लावले, आणि त्यातल्या एका वेळी एक कोड मुद्दाम यादीत नसलेला टाकायला सांगितला. दुपारी तिथेच पायरीवर बसून लॉग वाचला.

पहिल्या प्रकारात, म्हणजे परके नाव आलेल्या पावतीच्या वेळी, ९६ बाइटांच्या सुरुवातीला तिसऱ्या माणसाचे नाव धडधाकट होते, त्यानंतर दोन शून्ये, आणि तिथून पुढे 'एए एए एए' अशी रांग. दुसऱ्या प्रकारात, जिथे मधला कोड चुकीचा टाकला होता, सुरुवातीचे चार बाइट अर्थहीन होते आणि त्यापुढे शेवटपर्यंत फक्त 'एए'. मी लॅपटॉपवर एसक्यूलाइटची ती अजस्र फाइल उघडून हेक्समधला हा आकडा शोधला, तर मेमरी मोकळी करणाऱ्या फंक्शनमध्ये, फक्त डीबग बिल्डमध्ये जाग्या होणाऱ्या भागात तो सापडला. शेजारच्या टिपेत मोकळ्या केलेल्या जागेतला मजकूर मोडून टाकत असल्याचे लिहिले होते. पावतीवरचे नाव मोकळ्या केलेल्या मेमरीतून वाचले जात होते, एवढे त्या टिपेने निर्विवाद केले.

बाकीचे दुवे मग आपोआप जुळत गेले. नाव शोधणारे वाक्य आम्ही एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरत होतो, आणि त्याचा रीसेट (वाक्य पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणणे) शोध संपल्यावर न करता पुढचा शोध सुरू करताना करत होतो. टेक्स्ट कॉलम वाचणारे फंक्शन लायब्ररीच्या मालकीच्या मेमरीचा पॉइंटर देते आणि तो पुढच्या स्टेपपर्यंत (वाक्य पुढे चालवण्याच्या हाकेपर्यंत) किंवा रीसेटपर्यंतच खरा असतो. कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेले आहे आणि मी ते वाचलेले होते. तरीही पावतीच्या स्ट्रक्चरमध्ये मी नावाची प्रत न ठेवता तो पॉइंटरच ठेवला होता, कारण पहिल्या आवृत्तीत पावती लगेच छापली जात असे. छपाईची रांग नंतर आली आणि तिने त्या पॉइंटरचे आयुष्य कोणाला न सांगता वाढवले. लिटर, फॅट आणि रक्कम यांत कधीच चूक झाली नाही, कारण आकडे देणारी फंक्शने पॉइंटर न देता किंमतच देतात. सगळ्या पावतीवर चुकते ते फक्त नाव, ही एवढी मोठी खूण आमच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून होती.

मेमडीबग गप्प का राहिला, याचे उत्तरही त्याच फंक्शनमध्ये होते. एसक्यूलाइट प्रत्येक कनेक्शनसाठी लहान लहान खणांचा एक साठा आधीच बाजूला काढून ठेवते, त्याला लुकअसाइड म्हणतात. छोट्या आणि अल्पायुषी गोष्टींसाठी दर वेळी मॅलॉककडे (मेमरी देणाऱ्या सी भाषेच्या फंक्शनकडे) जाण्यापेक्षा यातला खण घेणे स्वस्त पडते. ३.३१ या आवृत्तीपासून त्यात १२८ बाइटांचे लहान खणही असतात, आणि वडिलांचे नाव व आडनाव धरूनही देवनागरीतले बहुतेक नाव तेवढ्यात मावते. रीसेट झाला की नावाचा खण या साठ्यात परत जातो. मेमडीबगचा तपासनीस बसलेला असतो तो मॅलॉकच्या दारात, आणि तिथपर्यंत तो खण कधी पोहोचतच नाही. रीसेटनंतर लगेच दुसरे नाव लागले की शेवटी परत आलेला खण आधी दिला जातो, म्हणून जुना पॉइंटर थेट पुढच्या माणसाच्या नावावर बोट ठेवतो.

कोरे नाव आणि चौकोन यांचाही उलगडा झाला, आणि तो मला सर्वांत आवडला. मोकळ्या खणाच्या सुरुवातीला पुढच्या मोकळ्या खणाचा पत्ता लिहिलेला असतो, तो आमच्या ३२ बिटांच्या पेटीत चार बाइटांचा. नेहमीच्या बिल्डमध्ये खणाचा बाकीचा मजकूर कोणी पुसत नाही. 'सखाराम' हे नाव घेतले, तर 'स' म्हणजे ई० ए४ बी८ हे तीन बाइट आणि 'ख' म्हणजे ई० ए४ ९६. पहिले चार बाइट पत्त्याखाली गेले की पूर्ण 'स' आणि 'ख'चा पहिला बाइट नाहीसा होतो, 'ख'चे उरलेले दोन बाइट अनाथ होऊन चौकोन बनतात, त्यापुढे आधाराविना लोंबकळणारा काना येतो आणि मग 'राम' जसाच्या तसा. सुरुवातीला आलेल्या पावत्यांच्या फोटोंत अगदी असेच होते: डोके फुटलेली आणि शेपूट शाबूत असलेली नावे. आणि यादीत पुढचा मोकळा खणच नसेल तर पत्त्याच्या जागी शून्य येते, पहिलाच बाइट शून्य म्हणजे सी भाषेच्या दृष्टीने मजकूर संपला, म्हणून नाव कोरे.

कार्यालयात परत आल्यावर मला हे पुराव्यानिशी दाखवायचे होते. संपूर्ण प्रोग्राम लॅपटॉपवर ॲड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या कम्पाइलरच्या साधनासह) कम्पाइल केला आणि पहिली तीस सेकंद 'कागद नाही' असेच सांगणारा एक खोटा प्रिंटर लिहिला. खोट्या पावतीवर परके नाव आले, आणि सॅनिटायझर मात्र एक शब्दही बोलला नाही. एव्हाना मला कारण माहीत होते. सॅनिटायझरही मॅलॉकच्याच दारात पहारा देतो, आणि लुकअसाइडचा सगळा साठा त्याच्या लेखी एकच मोठा, अजून वापरात असलेला तुकडा असतो. 'एसक्यूलाइट_ओमिट_लुकअसाइड' देऊन पुन्हा बिल्ड केला. सुरू होताना लुकअसाइडचा आकार शून्य ठेवूनही हेच साधता येते. या वेळी प्रोग्राम तत्क्षणी थांबला आणि पडद्यावर तीन ठिकाणांचे माग आले. मेमरी कुठे वाचली, तर छपाईच्या धाग्यात पावती मांडताना. कुठे मोकळी केली, तर पुढच्या शोधाच्या रीसेटमध्ये. कुठे घेतली होती, तर आधीच्या शोधाच्या स्टेपमध्ये. महिनाभराचे प्रकरण त्या तीन परिच्छेदांत मावले होते.

दुरुस्ती दोन ओळींची होती, पण तिच्यातही मी एकदा अडखळलो. पावतीच्या स्ट्रक्चरमध्ये नावासाठी ४८ बाइटांची जागा ठेवली आणि पहिल्याच लांब नावाचा शेवट पुन्हा चौकोनात झाला. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्राही त्याला अपवाद नाहीत, तेव्हा ४८ बाइटांत शेवटचे शून्य धरून जेमतेम १५ चिन्हे मावतात आणि सोळावे मधोमध कापले जाते. इंग्रजी नावांच्या हिशेबाने बोटे मोजण्याची ही सवय मराठी माणसाच्या हातूनही सुटत नाही. आता जागा १९२ बाइटांची आहे, कॉलमची लांबी लायब्ररीकडूनच विचारून घेतली जाते, आणि रीसेट शोध संपताच केला जातो.

डीबग बिल्डसाठी मी आता एकच ढीग न ठेवता दोन वेगळे बिल्ड ठेवले आहेत. पेटीवर चालवायचा एक, त्यात डीबग, एपीआय आर्मर आणि धाग्यांच्या तपासण्या असतात. लॅपटॉपवर रोज रात्री चालणारा दुसरा, त्यात डीबग, सॅनिटायझर आणि लुकअसाइड बंद. मेमडीबग दोन्हींतून काढला, कारण सॅनिटायझर असताना त्याचे काम उरत नाही. विंडोजवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या जुन्या डीबगरला ३२,७६७ च्या पुढची ओळच मोजता येत नव्हती आणि त्याचा बाण भलत्याच ओळीवर उभा राहत असे. त्याच्यासाठी मोठी फाइल लहान भागांत विभागून देणारा जो पर्याय लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये आहे, तो वापरला. क्वेरीपासून बनलेल्या आज्ञांच्या यादीत टिपा घालणारा आणि प्रत्येक टप्प्याचे मोजमाप देणारा असे आणखी दोन पर्याय आहेत. ते वेगाच्या तक्रारींसाठी ठीक, या प्रकरणात त्यांचा उपयोग नव्हता.

रात्रीच्या त्या बिल्डने तिसऱ्याच दिवशी आणखी एक दोष धरला. दूध परत पाठवल्याचा शेरा नोंदवताना एका आतल्या कंसातल्या तात्पुरत्या ॲरेमध्ये मजकूर तयार करून मी तो 'स्टॅटिक' म्हणून बाइंड केला होता, म्हणजे हा मजकूर हलणार नाही, प्रत करू नकोस, असे लायब्ररीला वचन दिले होते. स्टेपची हाक मात्र तो कंस बंद झाल्यावर, बाहेर होती. लायब्ररी नोंद लिहायला गेली तेव्हा ती जागा संपलेल्या कंसातली आहे असे सॅनिटायझरने सांगितले. केंद्रांवरून याची तक्रार कधी आली नव्हती. मी मागवलेल्या फाइलमधले शेऱ्यांचे रकाने काढून पाहिले, तर चारशेच्या वर शेऱ्यांपैकी दोन अर्धवट होते. 'स्टॅटिक'च्या जागी 'ट्रान्झियंट' (म्हणजे लगेच प्रत करून घे) केले आणि दोन्ही दुरुस्त्या एकाच आवृत्तीत केंद्रांवर पाठवल्या. सचिव काकांना फोन करून रोल मुद्दाम संपू द्या असे सांगितले. संध्याकाळी त्यांनी तीन पावत्यांचा फोटो पाठवला, त्यांवर तीन नावे होती.